फ्रॉइडला सिगार सुटला नाही!

सायकॉलॉजीच्या पुस्तकातला सिग्मंड फ्रॉइड तुम्हाला ठाऊक असेलच. पण त्याच्या तोंडाचं काय झालं, माहितीये? व्हिएन्नातला हा डॉक्टर रोज वीसेक सिगार ओढायचा. १९२३ मध्ये तोंडात चट्टा दिसला, तरी दोनेक महिने त्याने अंगावर काढले. निघाला कॅन्सर! जबड्याचा, टाळूचा भाग काढावा लागला. कृत्रिम टाळू बसवली. बोलणं, खाणं अवघड झालं. १६ वर्षांत ३० हून जास्त ऑपरेशन्स झाली, सिगार मात्र चालूच. १९३९ मध्ये लंडनला तो गेला. मनाचे गुंते सोडवणाऱ्याची ही गत! तुमच्या कट्ट्यावर गुटखा, मावा, सिगरेट फिरतेच ना? नाही म्हणा. आणि तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर थेट डेंटिस्ट गाठा.