रंगांचे रसायन जाणणारे डॉ. वेंकटरामन

मुलांनो, कांद्याची वाळलेली साले पाण्यात उकळा, पाणी पिवळे-तपकिरी होईल. (आईला विचारून, आणि जुन्या पातेल्यात!) फणसाच्या लाकडाचा गाभाही असाच पिवळाधमक असतो. सुट्टीत कोकणात जाल तेव्हा पाहा, कारण इथे शारजा-दुबईत गरे मिळतात, लाकूड नाही. हा पिवळेपणा येतो तो फ्लेव्होन आणि त्याच्या भावंडांमुळे. फ्लेव्होन प्रयोगशाळेत बनवण्याची एक रीत डॉ. कृष्णसामी वेंकटरामन यांच्या नावाने जगभर शिकवली जाते.

त्यांचा जन्म १९०१ साली मद्रासला झाला. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन या थोर रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात आले आणि १९३३-३४ च्या सुमारास तिथेच त्यांना ही रीत सापडली.

आम्ही संगणकवाले, पण बारावीचे रसायनशास्त्र आठवून सांगायचा प्रयत्न करतो. एका षट्कोनी रेणूवर दोन शेजारी आहेत, एक ऑक्सिजन आणि एक अ‍ॅसिटिल गट. ऑक्सिजनवर बेंझॉइल नावाचा पाहुणा आणून बसवायचा. मग अल्कली घातली की शेजारच्या गटातल्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून जातो, तो कार्बन ऋणभारित होतो आणि पाहुणा ऑक्सिजनला सोडून त्याच्याकडे जाऊन बसतो. संगीत खुर्चीच ही! नंतर आम्ल घातले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, नवे कडे जुळते आणि फ्लेव्होन तयार होते. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही हेच स्वतंत्रपणे सापडले, म्हणून नाव पडले बेकर-वेंकटरामन पुनर्रचना.

१९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले आणि १९३८ साली त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कापड आपले, पण त्यावरचे रंग बहुतेक परदेशी. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीचा माल थांबला. रंग कसा बनतो हे शिकलेली माणसे घरात हवीत, हे तेव्हा फार प्रकर्षाने जाणवले. तशी माणसे या विभागातून तयार झाली.

रंगांच्या कृती कंपन्या जिवापाड लपवत. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मन कारखान्यांतली माहिती अहवालांत छापली. वेंकटरामन यांनी ती आणि जगभरचे संशोधन नीट लावून १९५२ साली कृत्रिम रंगांच्या रसायनावर दोन जाडजूड इंग्रजी खंड लिहिले. आम्हाला त्यांचे हे काम शोधाइतकेच मोठे वाटते. जे कुलूपबंद होते, ते कोणत्याही विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसून वाचता येऊ लागले. पुढचे खंड त्यांनी इतर तज्ज्ञांकडून लिहवून संपादित केले.

१९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६१ साली पद्मभूषण मिळाले. १९६६ साली त्यांच्या खुर्चीवर त्यांचेच विद्यार्थी डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक बसले. पुण्यात त्यांनी सहकाऱ्यांसह फणसाच्या लाकडातली पिवळी द्रव्ये अभ्यासली, आणि लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाची रचनाही उलगडली. आपल्या पणज्या पायांना अळता लावत, तो पूर्वी याच लाखेच्या रंगाचा असे.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम चालूच राहिले. त्या ग्रंथमालेचा आठवा खंड १९७८ साली निघाला आणि १९८१ साली ते वारले.