केसांआधी कणा ताठ करणाऱ्या मॅडम वॉकर

केस सरळ करणे ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. वस्तीवस्तीत ब्युटी पार्लर निघाली आहेत. लग्न असो, वाढदिवस असो की नोकरीची मुलाखत, आमच्या लेकीबाळी केसांवरून तापलेली इस्त्री फिरवून घेतात. ही इस्त्री दोनशे अंशांच्याही वर तापू शकते. म्हणून आधी केसांवर हीट प्रोटेक्टंट स्प्रे मारतात. ही बाटली बड्या कंपन्यांनी काल-परवा शोधली, असा अनेकींचा समज आहे. पण तापलेल्या धातूपासून केस वाचवण्याचा धंदा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभा केला होता. त्यांतले सर्वांत गाजलेले नाव मॅडम सी. जे. वॉकर यांचे. केसांची ही गोष्ट मुळात मानसन्मानाची गोष्ट आहे, म्हणून ती आमच्या वाचकांना ठाऊक असायला हवी.

वॉकर यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुईझियाना राज्यातील डेल्टा गावी, कापसाच्या मळ्यावर त्यांचा जन्म झाला. आईवडील मिनर्व्हा आणि ओवेन त्याच मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर जन्मलेले त्या घरातले हे पहिले मूल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हा सारा पाच वर्षांची होती. पण कायद्यातील मुक्ती मळ्यापर्यंत पोहोचली नव्हती. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी पदरात दोन वर्षांची मुलगी असताना ती विधवा झाली.

मुलीला घेऊन सारा सेंट लुईसला भावांकडे गेल्या. भाऊ न्हाव्याचा धंदा करीत. साराच्या वाट्याला मात्र लोकांचे कपडे धुणे आले. उकळते पाणी, वाफ, जहाल साबण आणि दिवसाला जेमतेम दीड डॉलर! याच काळात त्यांचे केस गळू लागले. त्या एकट्या नव्हत्या. गरीब काळ्या वस्त्यांत घरात नळ नव्हता, न्हाणीघर नव्हते. डोके धुणे क्वचितच होई. त्यामुळे टाळूला रोग जडत. गरिबीने दिलेल्या या रोगाला गोरा समाज मात्र काळ्यांची जन्मजात घाण म्हणत असे. असा आरोप कोणी कोणावर केला आणि का केला, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सारा प्रथम ॲनी टर्नबो मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेची औषधे विकत होत्या. हे श्रेय मलोन यांना दिलेच पाहिजे. १९०५ साली सारा डेन्व्हरला गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचा धंदा सुरू केला. त्या काळात गोऱ्या स्त्रीला 'मिसेस' म्हणत आणि काळ्या स्त्रीला नुसत्या नावाने हाक मारीत. अशा समाजात स्वतःपुढे 'मॅडम' लावणे हेच मोठे धाडस होते.

वॉकर यांची पद्धत साधी होती. आधी डोके स्वच्छ धुवायचे. मग टाळूला गंधकयुक्त मलम लावायचे. केस वाळले की त्यांवर 'ग्लॉसीन' नावाचे तेल हलक्या हाताने चोळायचे आणि शेवटी चुलीवर तापवलेला धातूचा कंगवा फिरवायचा. हा कंगवा वॉकर यांनी शोधला असे अनेकदा लिहिले जाते, ते खरे नाही. तो आधीपासून होता, त्यांनी तो घरोघर नेला.

तेल कशासाठी? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. उष्णतेने त्यातील काही कच्चे बंध सुटतात, केस सरळ होतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. पाणी किंवा दमट हवा लागली की मूळचे वळण परत येते. पण उष्णता मर्यादेबाहेर गेली तर प्रथिनच बिघडते आणि केस तुटतो. केस ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो पोकळ होतो. तेलाच्या पातळ थरामुळे कंगवा न अडकता सरके. तेल जास्त झाले तर मात्र तेच तापून टाळू भाजे. आजच्या स्प्रेमध्ये तेलाच्या जागी सिलिकोन आणि पॉलिमर आले, काम तेच राहिले. उष्णता केसाला हळू आणि सारखी लागते. नुकसान कमी होते, थांबत मात्र नाही.

वॉकर यांच्यावर टीकाही झाली. काळ्या स्त्रियांना गोऱ्यांची नक्कल शिकवता, असा आक्षेप काळ्या समाजातूनच आला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनाही हा धंदा पसंत नव्हता. १९१२ साली शिकागोत काळ्या व्यापाऱ्यांच्या अधिवेशनात त्यांनी वॉकर यांना बोलू दिले नाही. शेवटच्या दिवशी वॉकर स्वतःच उठून उभ्या राहिल्या. कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी भर सभेत मांडला. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर त्या सन्मानाने वक्त्या होत्या. आपण केस सरळ करणाऱ्या नसून केस निरोगी करणाऱ्या आहोत, असे त्या आग्रहाने सांगत.

आम्हाला वाटते, हा आक्षेप पूर्ण खोटा नव्हता. सरळ केसच सुंदर, हा दंडक गोऱ्यांचाच होता. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या आयाबायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जात दाखवणारे दागिने टाकून द्या, असे सांगितले. ती सवर्णांची नक्कल होती काय? नाही! अंगावर लादलेली खूण फेकून देण्याचा तो निर्धार होता. फरक इथेच आहे. लाजेपोटी केलेला बदल गुलामी वाढवतो, स्वतःच्या निर्णयाने केलेला बदल माणसाला उभे करतो.

वॉकर यांनी हजारो स्त्रियांना हा धंदा शिकवला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका स्वतःच्या कमाईच्या मालकीण झाल्या. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्याच वर्षी वॉकर कंपनीने हार्लेममध्ये, विद्यापीठापासून जवळच, आपले केंद्र उघडले. १९१७ साली ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्यांची कत्तल झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना जाब विचारायला गेलेल्या शिष्टमंडळात वॉकर होत्या. विल्सन भेटले नाहीत. त्याच वर्षी फिलाडेल्फियात भरलेल्या वॉकर यांच्या विक्रेत्या स्त्रियांच्या अधिवेशनाने झुंडबळींविरुद्ध कायदा करा, अशी तार विल्सन यांना पाठवली. केसांचे तेल विकणाऱ्या बायका सत्तेला प्रश्न विचारू लागल्या होत्या!

२५ मे १९१९ रोजी, ५१ व्या वर्षी वॉकर यांचे निधन झाले. मालमत्ता सुमारे सहा लाख डॉलरची होती. कंपनीच्या पुढील नफ्याचा दोन तृतीयांश भाग त्यांनी समाजकार्यासाठी लिहून ठेवला. मृत्यूच्या थोडेच आधी झुंडबळींविरुद्धच्या लढ्यासाठी पाच हजार डॉलर जाहीर केले. नैसर्गिक केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो मात्र २०१९ साली. मधे शंभर वर्षे गेली.

आमच्या भगिनींनी केस सरळ करावेत की करू नयेत, हे सांगणारे आम्ही कोण? करायचे तर केस कोरडे असू द्या, स्प्रे मारा, इस्त्री कमी तापवा. पण आरशासमोर बसताना एवढे विचारा, हे मी माझ्या आवडीने करते की कोणाच्या नजरेच्या धाकाने? आणि चार पैसे हाती आले की समाजाचा वाटा किती, हेही विचारा. वॉकर यांनी तो हिशेब मरेपर्यंत चुकवला नाही.