ऑटो वारबुर्ग : एका हट्टी संशोधकाची जीवनकथा

मी कला शाखेची विद्यार्थिनी, इतिहास हा माझा विषय. तेव्हा एका जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाच्या चरित्राकडे मी का वळले, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण घरगुती आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या आत्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. शहरातल्या इस्पितळात तिची पेट-सीटी तपासणी ठरली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून सोबत मलाच धाडले. सहा तास उपाशी राहायचे, साखरेचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मग शिरेतून किरणोत्सर्गी साखर सोडतात आणि तासभर गप्प पडून राहायचे. रोगाच्या पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळतात, एवढे तिथल्या बाईंनी समजावले.

पुढे महिन्याभरात आत्तेभावाच्या मोबाइलवर एक मजकूर आला. नोबेल पारितोषिक मिळालेल्या ऑटो वारबुर्ग यांनी कर्करोगाचे मूळ शोधले आहे. साखर आणि धान्य बंद करा म्हणजे रोग उपाशी मरेल, असे त्यात होते. हे खरे का, असे सर्वांनी मला विचारले. नोबेलचे नाव पाहून मी हो म्हणाले. आत्याने भाकरी सोडली, गुळाचा चहा सोडला. तीन आठवड्यांत ती इतकी खंगली की डॉक्टरांना औषधाचा पुढला डोस लांबवावा लागला. त्यानंतर, म्हणजे फार उशिरा, हे वारबुर्ग कोण हे मी शोधू लागले.

ऑटो हाइन्रिख वारबुर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल हे पदार्थविज्ञानाचे नामवंत प्राध्यापक, जन्माने ज्यू. आई ख्रिस्ती कुटुंबातली. पुढे हे कुटुंब बर्लिनला आले आणि त्या काळचे मोठमोठे शास्त्रज्ञ घरी येऊजाऊ लागले. (ज्या वयात मी सुट्टीत शेळ्या वळत होते, त्या वयात या मुलाच्या कानावर काय पडत असेल, याचा मला थोडा हेवा वाटला.) एमिल फिशर यांच्या हाताखाली १९०६ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि १९११ मध्ये हायडेलबर्गहून वैद्यकाची. नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी समुद्री जीवांच्या अंड्यांवर प्रयोग केले. फलन होताच अंडे कित्येक पट अधिक प्राणवायू घेऊ लागते, असे त्यांना दिसले. जी पेशी झपाट्याने वाढते ती श्वास कसा घेते, हा प्रश्न तेथून त्यांच्या मागे लागला.

पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते. जखमी झाले, पदक मिळाले, आणि सैनिकी जीवन त्यांना मानवलेही. १९१८ मध्ये आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून त्यांना प्रयोगशाळेत परतण्याची गळ घातली.

परतल्यावर त्यांनी जे केले त्यावर त्यांची कीर्ती उभी आहे. अवयवाचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप घ्यायचे, ते द्रावणात जिवंत ठेवायचे आणि काचेच्या नळीतील दाबमापकावरून ते किती प्राणवायू घेतात हे मोजायचे, अशी त्यांची रीत. प्राणवायू कमी पडला की स्नायू साखर अर्धवट फोडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते, हे ठाऊक होते. परंतु उंदरांच्या गाठींचे काप तपासताना वारबुर्ग यांना आढळले की भरपूर प्राणवायू असतानाही कर्करोगाची पेशी साखर अशीच अर्धवट फोडत राहते. या उधळपट्टीने हाती शक्ती फार थोडी येते, म्हणून तिला साखर पुष्कळ लागते. १९२०च्या दशकातला हा शोध. १९३१चे नोबेल मात्र याबद्दल नव्हेच! ते मिळाले पेशींच्या श्वसनातील लोहयुक्त विकराच्या शोधाबद्दल. आमच्या मोबाइलवरचा मजकूर पहिल्या ओळीतच चुकला होता.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. वारबुर्ग यांचे शिष्य हान्स क्रेब्ज इंग्लंडला गेले. तेही पुढे नोबेलचे मानकरी झाले. गुरू मात्र बर्लिनच्या डालेम भागातील आपली संस्था सोडून हलले नाहीत. १९४१ मध्ये ज्यू रक्तामुळे त्यांना पदावरून काढले, आणि काही आठवड्यांतच वरून हुकूम आला की कर्करोगावरचे काम चालू राहू द्यावे. हिटलरची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, त्या धास्तीमुळे हे घडले असे म्हणतात. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी येथे बराच वेळ अडले. लक्षावधी ज्यू मारले जात असताना हा मनुष्य त्याच राजवटीच्या आश्रयाने नळ्या मोजत बसला. याला निष्ठा म्हणावे की आंधळेपणा? मला दुसरा शब्द अधिक जवळचा वाटतो, परंतु त्या जागी मी नव्हते.

युद्धानंतर रशियनांनी त्यांची उपकरणे नेली. १९५० पासून डालेमला काम पुन्हा सुरू झाले. त्यांनी लग्न केले नाही. याकोब हाइस हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती. घोड्यावर रपेट आणि प्रयोगशाळा हाच दिनक्रम. पेशींचे श्वसन बिघडते म्हणूनच कर्करोग होतो, हा हेका त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. बहुतेक कर्करोगांत श्वसन शाबूत असते आणि बिघाड जनुकांपासून सुरू होतो, हे आज ठाऊक आहे. साखरेची ओढ खरी, तिचा लावलेला अर्थ चुकीचा. १ ऑगस्ट १९७० रोजी, ८६व्या वर्षी, ते वारले.

त्या साखरेचे पुढे काय झाले हे त्यांना पाहता आले नाही. १९६८ मध्ये प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी ग्लुकोजच्या रेणूत फ्लोरिन बसवले होते. १९७६ मध्ये अमेरिकेत त्याच जागी किरणोत्सर्गी फ्लोरिन घालून ते प्रथम माणसाला दिले गेले. ही नकली साखर पेशीत शिरते, पण पुढे फुटत नाही. तेथेच अडकून पडते आणि तिच्यातून निघणारे किरण यंत्र टिपते. एकशेदहा मिनिटांत तिचा जोर निम्म्यावर येतो. पेट आणि सीटी एका यंत्रात आले ते नव्या शतकाच्या तोंडावर. क्षयाच्या गाठीही या चित्रात उजळतात, आणि मेंदू तर नेहमीच, कारण तो साखरेवरच चालतो. म्हणून केवळ उजळले म्हणजे कर्करोग, असे नव्हे.

आणि साखर खाल्ली नाही तर? यकृत ती स्वतः बनवते. अन्न नसेल तर अंगातले मांस मोडून बनवते. म्हणजे आत्याचा रोग उपाशी नव्हता. आत्या उपाशी होती. विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांकडून हे समजून घेतले त्या संध्याकाळी मी आत्याच्या घरी गेले आणि माझे चुकले असे सांगितले. तिने काही न बोलता चुलीवर तवा ठेवला.

दिवाळीनंतर दुसरी तपासणी झाली. बहुतेक गाठी चित्रात विझल्या होत्या, दोन अजून अंधूक दिसतात. उपचार चालू आहेत. त्या दिवशी एस.टी. स्टँडवर आत्याने दोन चहा सांगितले, आणि स्वतःच्या चहात चमचाभर साखर वरून मागून घेतली.