प्रजासत्ताकाचे पहिले मानकरी : डॉ. राजेंद्र प्रसाद

२६ जानेवारी १९५० रोजी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी नवी दिल्लीतील गव्हर्नमेंट हाऊसच्या दरबार सभागृहात मावळते गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारत हे सार्वभौम लोकशाही प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचून दाखविली. त्यानंतर सहा मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांना देशाच्या पहिल्या राष्ट्रपतिपदाची शपथ दिली. ३१ तोफांची सलामी झाली. राजेंद्रबाबूंनी आधी हिंदीतून आणि मग इंग्रजीतून भाषण केले. प्रजासत्ताक दिनाच्या अनेक प्रथांचा उगम त्या दिवसात आणि राजेंद्रबाबूंच्या पुढील बारा वर्षांच्या कारकिर्दीत सापडतो.

जीरादेईचा बुद्धिमान विद्यार्थी

राजेंद्र प्रसाद यांचा जन्म ३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारच्या तत्कालीन सारण जिल्ह्यातील जीरादेई या गावी झाला. हे गाव आता सिवान जिल्ह्यात आहे. वडील महादेव सहाय हे फार्सी आणि संस्कृतचे जाणकार होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे राजेंद्रबाबूंचा विवाह वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास राजवंशी देवी यांच्याशी झाला. १९०२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना दरमहा ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि कायद्याचा अभ्यास करून वकिली सुरू केली.

१९१० मध्ये त्यांच्या आयुष्यात एक कसोटीचा प्रसंग आला. पुण्यात १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना करणारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यातील भेटीत या तरुणाला समाजाचे सदस्य होण्याचे सुचविले. राजेंद्रबाबूंचे मन तिकडे ओढ घेत होते. परंतु घरची स्थिती बेताची होती आणि सारी भिस्त त्यांच्यावर होती. त्यांनी थोरले बंधू महेंद्र प्रसाद यांना पत्र लिहून अनुमती मागितली. भावाचे दुःख पाहून त्यांनी तो विचार सोडला. देशकार्याची वाट मात्र कायमची बंद झाली नव्हती.

चंपारण्यातील धडे

१९१६ मध्ये पाटण्यात उच्च न्यायालय सुरू झाले आणि राजेंद्रबाबूंनी आपली वकिली तेथे आणली. पुढच्याच वर्षी महात्मा गांधी चंपारण्यात आले. तेथे निळीच्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांवर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ पिकविण्याची सक्ती केली होती. राजेंद्रबाबू आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. १९१८ च्या कायद्याने ही सक्ती संपुष्टात आली.

या लढ्याने वकीलमंडळींचे राहणीमानही पालटले. आरंभी प्रत्येकाचा स्वयंपाकी वेगळा असे. जातीचे सोवळे सांभाळले जाई. गांधीजींच्या आग्रहावरून सर्वांची एकच पंगत बसू लागली आणि नोकरांना निरोप मिळाला. असहकाराच्या चळवळीत, १९२० मध्ये, राजेंद्रबाबूंनी भरभराटीला आलेली वकिली सोडली. पाटण्याजवळचा सदाकत आश्रम ही त्यांची कर्मभूमी झाली.

२६ जानेवारीचा पहिला संकल्प

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर काँग्रेस कार्यकारिणीने जानेवारी १९३० मधील अखेरचा रविवार देशभर पाळण्याचे ठरविले. तो रविवार २६ तारखेचा होता. गावोगावी सभा भरल्या, तिरंगा फडकला, स्वातंत्र्याची प्रतिज्ञा सामुदायिकपणे वाचली गेली. सूतकताई आणि विधायक कामे यांनी हा दिवस साजरा करावा, असा गांधीजींचा आग्रह होता.

पुढची सतरा वर्षे हाच स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला गेला. प्रत्यक्ष स्वातंत्र्य १५ ऑगस्टला मिळाल्यावर २६ जानेवारीचे महत्त्व हरवू नये, म्हणून राज्यघटना अमलात आणण्यासाठी हीच तारीख निवडण्यात आली.

या काळात राजेंद्रबाबूंना वारंवार तुरुंगवास घडला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हाही ते बंदिवासात होते. दोन दिवसांनी सुटका होताच, दम्याने प्रकृती खंगलेली असताना, त्यांनी मदतकार्य हाती घेतले. त्यांच्या आवाहनाने ३८ लाख रुपयांहून अधिक निधी जमला. त्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४२ च्या अटकेनंतर जवळजवळ तीन वर्षे ते पाटण्याच्या बांकीपूर तुरुंगात होते. तेथे त्यांनी आत्मकथेच्या लेखनाला बराच काळ दिला.

घटना समितीचे अध्यक्षपद

११ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीने त्यांची अध्यक्ष म्हणून निवड केली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे एकेक कलम सभागृहात मांडत असत आणि राजेंद्रबाबू प्रत्येक मताला वाव देत कामकाज चालवीत. जवळजवळ तीन वर्षे हे काम चालले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारण्यापूर्वीच्या समारोपाच्या भाषणात त्यांनी दोन गोष्टींची खंत व्यक्त केली. कायदे करणाऱ्यांसाठी पात्रतेची अट घालता आली नाही आणि स्वतंत्र भारताची पहिली घटना भारतीय भाषेत रचता आली नाही, ही ती खंत होती. घटना कितीही चांगली असली, तरी ती राबविणारी माणसे सचोटीची नसतील तर तिचा उपयोग होणार नाही, हा त्या भाषणाचा मुख्य आशय होता.

पहिल्या राष्ट्रपतिपदासाठी नेहरूंचा कल राजगोपालाचारींकडे होता. काँग्रेसच्या सदस्यांचा आणि सरदार वल्लभभाई पटेल यांचा पाठिंबा मात्र राजेंद्रबाबूंना लाभला. २४ जानेवारी १९५० रोजी त्यांची बिनविरोध निवड झाली. त्याच दिवशी सदस्यांनी घटनेच्या प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. जन गण मन हे राष्ट्रगीत असेल आणि वंदे मातरमलाही समान सन्मान मिळेल, असे निवेदन राजेंद्रबाबूंनी अध्यक्षस्थानावरून केले.

संचलनाची परंपरा

शपथविधीनंतर २६ जानेवारी १९५० च्या दुपारी राष्ट्रपती सहा घोड्यांच्या बग्गीतून आयर्विन स्टेडियमकडे निघाले. रस्त्यांच्या दुतर्फा लोकांनी गर्दी केली होती. स्टेडियममध्ये तिन्ही सेनादलांच्या सुमारे तीन हजार जवानांनी संचलन केले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकर्णो हे पहिले प्रमुख पाहुणे होते. पुढील काही वर्षे संचलनाची जागा बदलत राहिली. १९५५ पासून राजपथ हे त्याचे कायमचे ठिकाण झाले. २०२२ मध्ये या मार्गाचे नाव कर्तव्य पथ असे झाले. राष्ट्रपतींच्या बग्गीची प्रथा १९८४ नंतर खंडित झाली होती. २०२४ च्या संचलनात ती पुन्हा दिसली.

या दिवशी राष्ट्रपती ध्वज फडकवितात. राष्ट्रगीताबरोबर २१ तोफांची सलामी होते. राज्यांचे चित्ररथ मार्गावरून जातात. आदल्या संध्याकाळी राष्ट्रपती देशाला उद्देशून भाषण करतात आणि २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीट समारंभाने सोहळ्याची सांगता होते.

मत आणि मर्यादा

राष्ट्रपतींचे अधिकार किती, हा प्रश्न तेव्हा नवा होता. हिंदू संहिता विधेयकाला राजेंद्रबाबूंचा मनापासून विरोध होता. संसदेने विधेयक संमत केले, तरी संमती देताना आपल्या विवेकबुद्धीने वागता यावे, असे त्यांनी १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना कळविले. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागले पाहिजे, असा अभिप्राय महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी दिला. पुढे हिंदू कायद्यांची ही विधेयके स्वतंत्रपणे संमत झाली, तेव्हा राजेंद्रबाबूंनी त्यांना संमती दिली. मत त्यांनी सोडले नाही, पण घटनेची मर्यादाही ओलांडली नाही. स्वतः स्वाक्षरी केलेल्या घटनेचे बंधन त्यांनी आधी स्वतःवर घालून घेतले आणि पुढच्या राष्ट्रपतींसाठी वाट आखून दिली.

२५ जानेवारी १९६० च्या रात्री त्यांच्या थोरल्या भगिनी भगवती देवी यांचे निधन झाले. या बहिणीने त्यांच्यावर आईसारखी माया केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रपतींनी नेहमीप्रमाणे संचलनाची मानवंदना स्वीकारली. परतल्यावर त्यांनी अंत्यसंस्काराची तयारी केली.

मे १९६२ मध्ये निवृत्त होऊन राजेंद्रबाबू सदाकत आश्रमात परतले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न सन्मान मिळाला आणि सप्टेंबरमध्ये राजवंशी देवींचे निधन झाले. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी पाटण्यात राजेंद्रबाबूंनी अखेरचा श्वास घेतला. सलग दोन वेळा निवडून येऊन बारा वर्षे राष्ट्रपतिपद भूषविणारे ते आजवरचे एकमेव नेते आहेत.