मांडवीकाठी उतरलेला परदेशी



आटपाडी, खानापूर, तासगाव या दुष्काळी पट्ट्यात घरटी एखादा तरी मुलगा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेला आढळतो. सोने-चांदी गाळण्याच्या या कामाने आपली माणसे तमिळनाडू-केरळापासून उत्तरेपर्यंत पोचली. नव्या शहरात उतरल्यावर पाटीवरची अक्षरे वाचता येत नाहीत, बोलणे कळत नाही, जेवणाची चव निराळी लागते. घरी केलेल्या पहिल्या फोनमध्ये हेच सारे असते. अशाच एका नवख्या माणसाची ही हकिगत आहे. मात्र तो आपल्या मुलखातून बाहेर गेला नव्हता, तो बाहेरून आपल्या भाषेच्या मुलखात आला होता.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक उपासनेला बंदी होती. थॉमस पाउंड या मित्राबरोबर ते काही काळ त्याच्या नोकराच्या वेषात वावरले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचे ठरवले होते. पण पाउंड पकडला गेला आणि पुढे कित्येक वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले. १५७५ मध्ये त्यांनी संघात प्रवेश केला, तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि मग हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मिळवली.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतली सत्तावीस दगावली. त्या काळात एवढ्या लांबच्या प्रवासात हा आकडा कमीच समजला जाई! पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे खात्रीचे साधन नव्हते, त्यामुळे आपण कुठे आहोत हेही नीट कळत नसे. अखेर आधी पक्षी दिसले, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या फांद्या, मग पोहणारे साप. जमीन जवळ आल्याची ही खूण होती. पाणी आणि शिधा संपत आला असतानाच किनारा दिसला. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यात उतरले. तिथल्या संघबंधूंनी त्यांचे मोठ्या प्रेमाने स्वागत केले.

१० नोव्हेंबर रोजी, म्हणजे उतरून अवघे सतरा दिवस झाले असताना, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात नवख्या डोळ्यांना जे दिसले ते सारे आहे. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड इथे नाही, याचे त्यांना आश्चर्य वाटते. झाडाफळांविषयी लिहायला बसलो तर एवढेच लांब दुसरे पत्र होईल, असे ते वडिलांना कळवतात. इथले लोक चांगले पाणी पितात, माडाची दारू पितात, नारळाचे पाणी पितात, हेही ते नोंदवतात. साध्या माणसांच्या अंगावर लंगोटीपुरते वस्त्र असते हे पाहून ते चकित होतात. पण लगेच लिहितात की आपण नटूनथटून स्वतःला जेवढे नीटनेटके समजतो, तेवढेच हे लोक तशा वेषात स्वतःला समजतात. तत्त्वज्ञानाची सुरुवात आश्चर्यातून होते, असे ग्रीक विचारवंत मानत. इथे आश्चर्य आहे, पण कुचेष्टा नाही.

पुढे त्यांची नेमणूक साष्टी भागात झाली आणि जवळजवळ सारे आयुष्य तिथेच गेले. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात संताप होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार मारण्यात आले. त्यांचे देह परत आणण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते. पुढे सत्तेने कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना मारून त्याचा सूड घेतला. संघाने त्या पाच जणांना हुतात्मे मानले. पण देवळे आणि गावप्रमुख गमावलेल्या लोकांचे दुःखही आपण आज प्रामाणिकपणे आठवले पाहिजे.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, गोव्यात उतरून बरोबर चार वर्षे झाली असताना, त्यांनी भावाला पत्र लिहिले. आता त्यांचे लक्ष इथल्या भाषांकडे वळले होते. त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे त्यांना वाटले. डोळ्यांनी पाहणारा पाहुणा आता ऐकू लागला होता. काही आठवड्यांनी जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या अशा इंग्रजांना कैद करून गोव्यात आणले गेले. ज्या देशाने त्यांच्या धर्माला बंदी केली, त्याच देशाची ही माणसे होती. तरीही त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून फादर स्टीफन्स यांनी खटपट केली.

साष्टीत धर्मांतर केलेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्याऐवजी आम्हाला वाचायला दुसरे काही द्या, अशी मागणी एक नवख्रिस्ती ब्राह्मण करतो, असा प्रसंग ‘क्रिस्तपुराणा’तच आला आहे. जे काढून घेतले गेले, त्याची पोकळी त्या माणसाला जाणवत होती आणि फादरांनी ती ऐकून घेतली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापला गेला. इथल्या लिपीत छपाई व्हावी म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिले होते. ते जमले नाही आणि ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली. मराठीची थोरवी सांगताना या इंग्रजाला मोगऱ्याची आठवण होते. पहिल्या पत्रात ज्याला इथले एकही झाड ओळखीचे वाटले नव्हते, तोच हा माणूस!

१६१९ मध्ये त्यांचे गोव्यातच निधन झाले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले.

आपल्याकडेही दूरच्या राज्यांतून सिस्टर येतात, परिचारिका येतात, मजूर कुटुंबे येतात. आज मिस्सा झाल्यावर त्यांच्यापैकी एकाला थांबवून विचारा, इथे आल्यावर पहिल्या दिवशी तुम्हाला काय वाटले? मग त्यांच्या भाषेतले दोन शब्द शिकून घ्या. आणि परमुलखातल्या आपल्या मुलाचा फोन आला, तर जेवलास का विचारून झाल्यावर, तिथली भाषा किती शिकलास, हेही विचारा.

आपला,
धर्मगुरू