चेहरा वाचणारं सॉफ्टवेअर आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर

दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीसाठी मी मोबाईलवरून मुलाखत दिली. समोर माणूस नव्हताच. स्क्रीनवर प्रश्न यायचा, कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, बस्स. नंतर रिपोर्ट आला: उत्तरं ठीक, पण चेहऱ्यावर उत्साह कमी, नाराजी जास्त. आता खरं सांगतो, मी नाराज अजिबात नव्हतो. विचार करताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात, लहानपणापासून. नोकरी हुकली ती हुकली, पण तेव्हापासून डोक्यात आपल्या कोल्हापूरचाच एक माणूस फिरतोय, बाबूराव पेंटर. त्यांच्या सिनेमाला आवाज नव्हता. भावना दाखवायच्या तर त्या फक्त चित्रातून.

खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. घरात कारागिरी होती, शिकले ते बघून आणि करून. पेंटर हे नाव कामामुळे चिकटलं. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या बाजारातून त्यांनी जुना प्रोजेक्टर आणला, खेळ दाखवले. मग ठरवलं, आपणच सिनेमा काढायचा.

पण कॅमेरा? तो परदेशातून यायचा. म्हणून यांनी स्वतःच बनवायला घेतला. सोपं वाटतंय? मूकपटाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सेकंदाला साधारण १६ वेळा पुढे सरकायला हवी आणि प्रत्येक चित्राला क्षणभर अगदी स्थिर थांबायलाही हवी. सरकताना शटर बंद, थांबल्यावर उघडं. हे सगळं हाताने हँडल फिरवून. दात जरा चुकला की चित्र थरथरलंच. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. पैशांची बाजू गायिका तानीबाई कागलकर यांनी सांभाळली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही सगळी मंडळी इथेच घडली. पुढे त्यांनीच ‘प्रभात’ काढली, पण तो वेगळा विषय.

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात लागला. त्यातला कीचकवध इतका खराखुरा वाटला की आक्षेप घेतले गेले आणि तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या काळात बायकांची कामं सर्रास पुरुष करायचे, पण ‘सैरंध्री’त बायकांनी काम केलं. शूटिंगच्या आधी बाबूराव पात्रांची, कपड्यांची, हालचालींची चित्रं काढून ठेवायचे. म्हणजे कोणती भावना कशी दिसणार हे आधी कागदावर ठरायचं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो यावर तोच चेहरा रागीट दिसतो की थकलेला, हे चित्रकाराला कळणारच की.

आता आपल्या सॉफ्टवेअरकडे येऊ. ते आधी चेहरा शोधतं, मग डोळे, भुवया, ओठ यांच्यावर बिंदू ठेवतं. एका प्रचलित पद्धतीत असे ६८ बिंदू असतात. नवीन प्रोग्रॅम बरेचदा बिंदूंच्या फंदात न पडता थेट चित्रावरूनच शिकतात. शिकायचं कशावरून, तर आधीच लेबल लावलेल्या फोटोंवरून. एफईआर-२०१३ नावाचा फोटोसंच यासाठी खूप वापरला गेला. त्यातला प्रत्येक फोटो फक्त ४८ बाय ४८ पिक्सेलचा, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि भावनांचे कप्पे सात. फोटो गोळा केले ते इंटरनेटवर भावनांचे शब्द शोधून. झालं! माझ्या आठ्या कुठल्या तरी कप्प्यात बसणारच होत्या. विचारात पडलेला माणूस, असा कप्पाच त्या सातांत नाही.

बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी गिरणीत कामाला शहरात जातो, अशी गोष्ट. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. हा मूकपट आज उपलब्ध नाही, पण बघितलेल्यांच्या आठवणीत काय राहिलं, तर अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं. चेहरा नाहीच! याच सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह प्रयोग करत होता. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याच्या शेजारी कधी सुपाचा वाडगा, कधी शवपेटी. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख. सॉफ्टवेअरला झोपडीही दिसत नाही आणि शवपेटीही. त्याला फक्त चेहऱ्याची चौकट कापून दिलेली असते.

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून भावना सांगायची सोय काढून घ्यायचं जाहीर केलं. युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिस आणि शाळा-कॉलेजात असं सॉफ्टवेअर वापरायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्याकडे मुलाखतीची लिंक आली तर आधी मेल करून विचारा: चेहऱ्याचं विश्लेषण होणार आहे का, आणि निकाल माणूस बघणार का? मी विचारलं नव्हतं.

बोलपट आले आणि बाबूरावांची कंपनी बंद पडली. बोलण्यामुळे चित्राची भाषा मरेल असं त्यांना वाटायचं. मला हे पूर्ण पटत नाही, पण ज्याने कॅमेऱ्याचा दात न् दात स्वतः घडवला त्याला तसं वाटणं समजू शकतो. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी आवाजासकट. १९४७ मध्ये शांतारामांच्या बोलावण्यावरून ‘लोकशाहीर रामजोशी’ केला. मधल्या काळात ते परत चित्रं आणि शिल्पांकडे वळले होते. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. कॉलेजला जाताना मी रोज तिथून जायचो आणि एकदाही थांबलो नव्हतो.