विमानकर्ता विल्बर राइट

गेल्या कांहीं वर्षांत अमेरिका व फ्रान्स येथील इंजिनियर विमानासाठीं एका निराळ्या घाटाचें इंजिन तयार करण्याच्या खटपटींत आहेत. हल्लींच्या मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनाचा पंखा एका गोल कवचांत कोंडलेला असतो. नव्या इंजिनांत हें कवच काढून टाकून पातीं उघड्या हवेंत फिरवावयाचीं आहेत; म्हणून त्यास ओपन रोटर असें नांव पडलें आहे. १९८६ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें, एकीमागें एक अशा परस्परविरुद्ध फिरणाऱ्या पात्यांच्या दोन रांगा असलेलें असें एक इंजिन बोइंग ७२७ विमानास लावून उडवून पाहिलें होतें. परंतु पुढें तेल स्वस्त झालें आणि काम मागें पडलें. २०२१ सालीं त्याच कंपनीनें फ्रान्सच्या साफ्रान कंपनीशीं मिळून तें पुनः हातीं घेतल्याचें जाहीर केलें. शेंकडा वीस भाग इंधन वांचावें असा त्यांचा संकल्प आहे. हें ऐकून आमच्या वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, उघडा पंखा तर जुन्या विमानांस असे. मग हे लोक पुढें चालले आहेत कीं मागें? प्रश्न विचार करण्याजोगा आहे. तो मनांत ठेवूनच, ज्यानें आपल्या धाकट्या भावासह हा पंखा हिशेबानें घडविला, त्या विल्बर राइटचें चरित्र आम्ही येथें सांगतों.

विल्बरचा जन्म १८६७ सालच्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत मिलव्हिल गांवाजवळ झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे युनायटेड ब्रेदरन मंडळीचे धर्मोपदेशक असून पुढें बिशप झाले. मंडळ्यांच्या भेटींसाठीं ते नेहमीं फिरतीवर असत. मातोश्री सुसानबाई ह्या गाड्या करणाऱ्या कारागिराची कन्या. हत्यारें चालविण्यांत त्यांचा हात बसलेला होता, व मुलांची खेळणीं त्या स्वतः करून देत. १८७८ सालीं बिशपसाहेबांनीं प्रवासाहून येतांना एक खेळणें आणलें. बांबू, बूच व कागद ह्यांचें तें केलेलें होतें, आणि रबराला पीळ दिला कीं पंखे फिरून तें छतापर्यंत चढे. विल्बर व त्याच्याहून चार वर्षांनीं लहान ऑर्व्हिल ह्यांनीं त्याच्या नकला केल्या. नक्कल मोठी केली कीं ती उडत नसे. असें कां होतें हें त्या वयांत त्यांस उमगलें नाहीं.

विल्बर अभ्यासांत हुशार व खेळांत चपळ होता. त्यास येल विद्यापीठांत पाठवावें असा विचार घरांत चालला असतां, १८८५-८६ च्या हिवाळ्यांत बर्फावर खेळतांना दुसऱ्या एका मुलाची काठी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दांत गेले. त्याहून वाईट म्हणजे छातींत धडधड होऊं लागली व मन खचलें. येलचें नांव राहिलें. त्याच सुमारास मातोश्रींस क्षयानें घेरलें होतें. सुमारें तीन वर्षें हा तरुण घरींच राहिला. आईस रोज जिन्यावरून खालीं आणावें व रात्रीं वर न्यावें, आणि उरलेल्या वेळांत वडिलांच्या ग्रंथसंग्रहांतील पुस्तकें वाचावीं, एवढाच त्याचा क्रम होता. १८८९ च्या जुलैच्या ४ थ्या तारखेस मातोश्री देवाघरीं गेल्या. ज्या काळांत त्याचे सोबती धंद्याला लागले, त्या काळांत विल्बर घरीं बसला आहे असेंच शेजाऱ्यांस दिसलें असेल. शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस एक गोष्ट लिहितांना थोडा संकोच होतो: ह्या दोघां भावांपैकीं एकाकडेही हायस्कूल पुरें केल्याचा दाखला नव्हता. त्यांची बहीण कॅथरिन मात्र ओबर्लिन कॉलेजची पदवीधर होती, व ती डेटन शहरांतील हायस्कुलांत लॅटिन शिकवीत असे.

दोघां भावांनीं प्रथम डेटन येथें छापखाना काढला, मग १८९२ सालीं सायकलींचें दुकान घातलें. १८९६ सालीं जर्मनींतील लिलिएन्थाल हा पंख लावून टेकडीवरून तरंगत उतरणारा इंजिनियर पडून मरण पावला. ही बातमी विल्बरनें वाचली, तेव्हां ऑर्व्हिल विषमज्वरानें अंथरुणास खिळला होता. तेव्हांपासून त्याच्या मनानें उड्डाणाचा ध्यास घेतला. १८९९ च्या मे महिन्याच्या ३० व्या तारखेस त्यानें वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस पत्र लिहून ह्या विषयावरील ग्रंथांची माहिती मागविली. पुढल्याच वर्षीं दोघे समुद्रकिनाऱ्यावरील किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर बिनइंजिनाचें यंत्र घेऊन गेले.

१९०१ चें यंत्र फसलें. पुस्तकांतील कोष्टकांप्रमाणें त्यानें जेवढें वजन उचलावयास पाहिजे होतें, त्याचा सुमारें तिसरा हिस्साच तें उचली. माणूस आपल्या हयातींत उडणार नाहीं, अशा निराशेनें विल्बर घरीं परतला. परंतु त्यानें ठरविलें कीं, चूक आपली कीं कोष्टकांची हें पाहिल्याशिवाय राहावयाचें नाहीं. दुकानाच्या माडीवर त्यांनीं सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी केली. तींतून पंख्यानें वारा सोडावा आणि पत्र्याचे लहान लहान पंख त्यांत टांगून वाऱ्याचा जोर मोजावा, अशी योजना होती. मोजण्याचे तराजू करवतीच्या जुन्या पात्यांचे व सायकलीच्या आऱ्यांच्या तारेचे होते. सुमारें दोनशें आकार तपासल्यावर कळलें कीं, दीडशें वर्षें चालत आलेला एक आंकडा फार मोठा धरला जात होता. थोर लोकांच्या पुस्तकांतील आंकडा चुकीचा म्हणावयास केवढें धैर्य लागतें, हें ज्यांनीं बीजगणिताच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांस पूर्ण ठाऊक आहे. आमचे विद्यार्थी पुस्तकामागील उत्तर पाहून आपलें बरोबर उत्तर खोडतात.

१९०२ सालीं नवें यंत्र उत्तम चाललें, आणि आतां इंजिन व पंखा एवढेंच उरलें. त्यांस वाटलें, जहाजांचे पंखे इतकीं वर्षें पाणी कापीत आहेत, तेव्हां त्यांचें शास्त्र तयारच असेल. विल्बरनें डेटनच्या ग्रंथालयांत शोधिलें. तेथें अनुभवाचे नियम मिळाले, शास्त्र मिळालें नाहीं. मग त्या दोघांनीं असा विचार केला कीं, पंख्याचें पातें म्हणजे दुसरें कांहीं नसून गोल फिरणारा विमानाचा पंखच होय. कल्पना सोपी दिसते, हिशेब मात्र भयंकर अवघड. पातें फिरतें, यंत्र पुढें सरकतें, हवाही मागें ढकलली जाते. कोणतीच वस्तु स्थिर नाहीं कीं जिच्यापासून मोजणी सुरू करावी. कित्येक वह्या भरल्या. दोघे भाऊ तासन् तास मोठमोठ्यानें वाद घालीत, आणि कित्येकदां शेवटीं असें होई कीं विल्बर ऑर्व्हिलच्या पक्षास व ऑर्व्हिल विल्बरच्या पक्षास जाऊन बसे, व वाद जेथल्या तेथें राही. हा प्रसंग आम्हांस सर्व चरित्रांत फार प्रिय आहे. वाद जिंकण्यासाठीं घातला असतां तर असें घडलें नसतें.

हिशेब जुळल्यावर त्यांनीं स्प्रूस लांकडाच्या फळ्या एकमेकींस चिकटवून, कुऱ्हाडीनें व तासणीनें तासून साडेआठ फूट लांबीचे दोन पंखे केले. दुकानांतील कारागीर चार्ली टेलर ह्यानें सहा आठवड्यांत सुमारें बारा अश्वशक्तीचें इंजिन केलें. सायकलीच्या जातीच्या साखळ्यांनीं पंखे इंजिनास जोडले आणि एका साखळीस मध्यें पीळ देऊन दोन पंखे उलटसुलट दिशांनीं फिरविले, म्हणजे यंत्र एका बाजूस ओढलें जाऊं नये. हे पंखे मोठे असून सावकाश फिरत. नावाड्याचें वल्हें रुंद असलें तर तो धीरानें वल्हवूनही नाव पुढें नेतो. अरुंद फळकुटानें कितीही घाईनें पाणी मारलें तरी शक्ति पाण्यांतच जाते. हवेचेंही तसेंच आहे. पुष्कळ हवा हळू ढकलावी ह्यांत काटकसर आहे. अलीकडे त्या पंख्यांच्या हुबेहूब प्रतिकृति करून तपासल्या, तेव्हां इंजिनाच्या शक्तीचा सुमारें तीन चतुर्थांश भाग त्या कामीं लावतात असें दिसून आलें. आजच्या ओपन रोटरचें मूळ तत्त्वही हेंच. मोठ्या पंख्याभोंवतीं कवच घातलें तर कवचच जड होतें व वारा अडवितें, म्हणून तें काढावयाचें. जुना पंखा वेगाच्या विमानांस चालत नसे, कारण त्याचीं टोकें ध्वनीच्या वेगाजवळ पोहोंचून काम बिघडे. १९७० नंतरच्या वर्षांत ओहायोंतीलच क्लीव्हलंड येथील सरकारी संशोधकांनीं पातीं पातळ व कोयत्यासारखीं मागें वळलेलीं करून ती अडचण पुष्कळ कमी केली. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितलें कीं, वाट जुनीच आहे, पण जेथें ती पूर्वीं बंद पडली होती तेथून हे लोक पुढें चालले आहेत.

१९०३ च्या डिसेंबरच्या १७ व्या तारखेची हकीकत शाळेंतील सर्व मुलांस पाठ आहे. पहिलें उड्डाण ऑर्व्हिलचें, बारा सेकंदांचें. चौथें विल्बरचें, एकुणसाठ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. १९०५ च्या ऑक्टोबरांत विल्बरनें डेटनजवळच्या कुरणावर एका दमांत चोवीस मैल प्रदक्षिणा घातल्या. तरी जगानें विश्वास ठेवला तो १९०८ सालीं, फ्रान्समध्यें लमां येथें त्यानें हजारों लोकांसमक्ष उडून दाखविल्यावर. तेथें राजेरजवाडे येत. परंतु प्रभुवारीं विल्बरनें कधीं यंत्रास हात लावला नाहीं.

त्याच वर्षीं सप्टेंबरच्या १७ व्या तारखेस घोर प्रसंग ओढवला. वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल लष्करी अधिकाऱ्यांस उड्डाण दाखवीत होता. नुकत्याच बसविलेल्या नव्या पंख्यांपैकीं एकाच्या पात्यास चीर पडली, तें थरथरूं लागलें, आणि सुकाणूच्या तारेस लागून ती तार तुटली. यंत्र कोसळलें. सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. यंत्राच्या विमानांत मृत्यु पावलेला तो पहिला मनुष्य. ऑर्व्हिलचें मांडीचें हाड व बरगड्या मोडल्या. कॅथरिन शाळा सोडून भावाच्या शुश्रूषेस धांवली. लमां येथें तार पोहोंचतांच विल्बरनें उड्डाणें बंद केलीं व तो छपरांत एकटा बसून राहिला. आपण तेथें असतों तर हें घडलें नसतें, असें त्याच्या मनानें घेतलें. जें पातें त्यांच्या बुद्धीचें सर्वांत मोठें फळ, त्यानेंच एका तरुणाचा प्राण घेतला होता. चार दिवसांनीं तो पुनः यंत्रावर चढला व दीड तास हवेंत राहिला. ओपन रोटर करणारे इंजिनियरही आज ह्याच प्रश्नापाशीं सर्वांत अधिक वेळ घालवितात: कवच नसतां पातें तुटलें तर तें प्रवाशांपर्यंत कसें पोहोंचूं द्यावयाचें नाहीं?

पुढील तीन वर्षें पेटंटच्या खटल्यांनीं खाल्लीं. त्यांविषयीं येथें लिहावेंसें वाटत नाहीं. विल्बरलाही त्यांचा वीट आला होता व नवें संशोधन अडून राहिल्याचें दुःख होतें. एक दिवस मात्र आनंदाचा होता. वडिलांच्या इच्छेस्तव दोघे भाऊ कधीं एकत्र उडत नसत. १९१० च्या मे महिन्याच्या २५ व्या तारखेस त्यांच्या परवानगीनें ते एकदांच बरोबर उडाले. त्याच दिवशीं ऐंशीच्या पलीकडे गेलेले बिशपसाहेब स्वतः ऑर्व्हिलशेजारीं बसले, आणि वर गेल्यावर घाबरण्याऐवजीं आणखी वर ने म्हणूं लागले.

१९१२ च्या मे महिन्यांत विल्बरला विषमज्वर झाला. ३० तारखेस पहांटे डेटन येथील घरीं त्यानें प्राण सोडला. वय पंचेचाळीस. बरोबर तेरा वर्षांपूर्वीं त्याच तारखेस त्यानें तें पुस्तकें मागणारें पत्र लिहिलें होतें. वृद्ध पिता उशाशीं होता. डेटनच्या वुडलंड स्मशानभूमींत मातोश्रींच्या जवळ त्यास ठेविलें आहे.